धुळीत पेरलेलं बी : धूळवाफ, राब आणि जोखमीचा इतिहास



पाऊस पडला की पेरायचं, हे कोणाला शिकवावं लागत नाही. पाऊस पडायच्या आधीच, कोरड्या फुफाट्यात, घरातलं उरलंसुरलं चांगलं बी टाकून द्यायचं, हे मात्र शिकावं लागतं. त्याला आपल्याकडे धूळवाफ म्हणतात, कुठे धूळपेरणी म्हणतात. माले गावात बसून मी हा विषय घेतला, कारण मुळशीच्या या पट्ट्यात धूळवाफेचा इतिहास आणि जमिनीचा इतिहास एकमेकांत गुंतलेले आहेत. माझा विषय तत्त्वज्ञान. त्यामुळे मी शेतीचा सल्ला देणार नाही. माझा प्रश्न एवढाच आहे : धुळीत टाकलेलं बी जर उगवलं नाही, तर ते नुकसान कोणाचं? या प्रश्नाचं उत्तर गेल्या दीडशे वर्षांत बदललं आहे, असं मला म्हणायचं आहे. आणि ते का बदललं हे समजून घेतलं नाही, तर आपण शेतकऱ्याला उगाच जुगारी ठरवतो.

आधी काम काय असतं ते बघू. इथल्या मंडळींना हे माहीत आहे, पण हे व्याख्यान जे लांबून ऐकतील किंवा वाचतील त्यांच्यासाठी सांगतो.

आपल्याकडे भाताची रोपं आधी एका लहान तुकड्यात वाढवतात आणि मग खाचरात लावतात. एक हेक्टर लावणीला साधारण 10 गुंठ्यांची रोपवाटिका पुरते, बी लागतं 35 ते 40 किलो. या तुकड्यावर फाल्गुन-चैत्रात शेण, झाडांचा पाला, फांद्या, गवत असे थर देऊन भाजतात. तो राब. एखाददुसरा वळीव झाला की जमीन नांगरून, ढेकळं फोडून भुसभुशीत करायची आणि रोहिणी नक्षत्रात, म्हणजे 25 मेच्या पुढे, कोरड्या मातीतच बी पेरून वर माती ओढायची. मग वर बघत बसायचं.

हे आधी का करायचं? कारण घाटमाथ्यावर पाऊस सुरू झाला की तो सुरूच राहतो. पुणे शहरात वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि इथून ताम्हिणीकडे जावं तसा तो काही पटींनी वाढत जातो. एकदा चिखल झाला की मशागतीला वाफसा मिळत नाही. बी आधीच मातीत असेल तर पहिल्या खऱ्या पावसाचा थेंबही वाया जात नाही. रोप आठ-पंधरा दिवस पुढे जातं, आर्द्रा-पुनर्वसूत लावणीला येतं, आणि उशिरा पिकणाऱ्या गरव्या भाताला शेवटी पाणी कमी पडत नाही. आंबेमोहरासारख्या भाताला हे दिवस फार मोलाचे.

धोके कोणते? मुंग्या, पाखरं, उंदीर बी खातात. तण जोमानं येतं. पण सगळ्यांत वाईट म्हणजे फसवा पाऊस. बी कोरडं राहिलं तर ते महिनाभरही वाट बघतं. सडकून पाऊस झाला तर उगवतं. पण एक मध्यम सर आली, बी फुगलं, कोंब फुटला, आणि मग बारा-पंधरा दिवस ऊन पडलं, तर संपलं. म्हणून बी जरा खोल टाकतात, हलक्या सरीनं ते जागं होऊ नये म्हणून. हे लक्षात घ्या. धूळवाफ करणारा माणूस पाऊस कधी येईल याचा अंदाज बांधत नाही, तर अंदाज चुकला तरी निभावेल अशी मांडणी करतो. ज्योतिष आणि कारागिरी यांच्यातला फरक इथे आहे.

इतिहासात मागे गेलं तर हा विचार फार जुना दिसतो. पतंजलीच्या व्याकरण महाभाष्यात एक लौकिक न्याय येतो : भिकारी आहेत म्हणून कोणी चुलीवर भांडं चढवायचं थांबत नाही, आणि हरणं आहेत म्हणून कोणी जव पेरायचं थांबत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा वैयाकरण नियमाला अपवाद असतात म्हणून नियम सोडायचा का, या चर्चेत पेरणीचा दाखला देतो. म्हणजे पेरणी हा अनिश्चिततेत शहाणपणानं वागण्याचा सर्वांना पटणारा नमुना होता. भातशेतीवर भर असलेल्या ‘कृषिपराशर’ या जुन्या संस्कृत ग्रंथात पेरणीला वैशाख उत्तम, ज्येष्ठ मध्यम आणि आषाढ हलका म्हटला आहे. वैशाखात पेरायचं म्हणजे बहुतेक पावसाच्या आधीच. रोपं लावायची असतील तर मात्र आषाढातली पेरणी चांगली, असंही तोच ग्रंथ म्हणतो. म्हणजे थेट पेरणी आणि लावणी यांचं गणित वेगळं, हे त्या काळीही माहीत होतं.

आता नक्षत्रांबद्दल थोडं. ‘बापजाद्यांनी रोहिणी सांगितली म्हणून रोहिणी’ असं आपण समजतो. पण सूर्याचं नक्षत्र ताऱ्यांवरून मोजतात, आणि ऋतू ठरतात पृथ्वीच्या आसाच्या कलण्यावरून. अयनचलनामुळे या दोन मोजण्यांत सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवसाचा फरक पडत जातो. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली पूर्ण झाली. त्या काळात सूर्य मृगात जायचा तो दिवस ऋतूच्या हिशेबानं आजच्यापेक्षा सुमारे दहा दिवस आधी यायचा. आज 7-8 जूनला लागणारा मृग तेव्हा मे संपण्याआधीच लागत असे. याचा अर्थ काय? नक्षत्र नावानं तेच राहिलं, पण त्याच्या मागचा पाऊस सरकत गेला. परंपरा टिकली, कारण लोक तिला डोळे मिटून चिकटून बसले नाहीत. मुंग्यांची अंडी, वाऱ्याची दिशा, वळीव किती झाले हे बघून नक्षत्राच्या आत तारीख मागेपुढे करत राहिले.

धूळवाफ ही काही एकट्या मुळशीची नव्हे. सांगली जिल्ह्यातल्या शिराळा भागात भात धूळवाफेनं पेरतात, पण तिथे कुरीनं सगळं शेतच पेरतात. मुळशीत दहा गुंठे पणाला लागतात, तिथे अख्खं रान. तमिळनाडूत रामनाथपुरमकडे कोरड्या जमिनीत भात पेरतात, त्या पेरणीच्या नावातही ‘पुळुदी’ म्हणजे धूळच आहे. आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात आज हजारो हेक्टरांचे गहू-शेतकरी एप्रिल महिन्यात, पाऊस नसताना, मोठ्या यंत्रांनी कोरड्यात गहू पेरतात. कारण सगळीकडे एकच : पेरणीचे दिवस थोडे आणि काम फार. मग फरक कशात आहे? बी वाया गेलं तर पुढे काय, यात आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जुन्या व्यवस्थेत ही जोखीम एका घराच्या डोक्यावर नव्हती. ती तीन-चार ठिकाणी वाटलेली होती.

पहिली वाटणी बियाण्यात. हळवं, निमगरवं, गरवं अशी वेगवेगळ्या मुदतीची भातं एकाच घरात असायची. गरव्याचं रोप गेलं तर हळवं टाकायला वेळ उरायचा. वरकस जमिनीवर नाचणी, वरई असायची. भात फसलं तरी पोटाला काही लागायचं. दुसरी वाटणी श्रमात. सावड आणि इर्जिक. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. ज्याचं रोप मेलं त्याला शेजाऱ्याचं उरलेलं रोप मिळायचं, कारण रोप जास्तीचंच टाकलेलं असायचं. तिसरी वाटणी धान्याच्या उसनवारीत. आणि चौथी, सगळ्यांत मोठी, डोंगरात. राबाला लागणारा पाला, फांद्या, गवत डोंगरातून यायचं. खालचं खाचर वरच्या जंगलावर जगत होतं.

पण मी जुन्या गावाचं सोवळं चित्र काढणार नाही. उसनवारीचं नाव वाढीदिढी होतं. पेरणीला मणभर नेलं तर सुगीला दीड मण द्यायचं. चार-पाच महिन्यांत पन्नास टक्के. दुबार पेरणी आली की दुसरं मणभर, त्याचंही दीड. जमिनी अशाच गेल्या. 12 मे 1875 ला याच पुणे जिल्ह्यात सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या आणि दख्खनचे दंगे सुरू झाले. तारीख बघा, रोहिणीच्या तेरा दिवस आधीची. मला त्यातून कारण सिद्ध करायचं नाही. पण पेरणीच्या तोंडावर बियाणं आणि कर्ज यांची गाठ किती आवळलेली असते, हे इथल्या कोणालाही समजेल. सरकारनं 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आणला, 1884 च्या कायद्यानं बी-बियाण्यासाठी तगाई देण्याची सोय केली. म्हणजे नुकसानीत आपला काही वाटा आहे हे राज्यसंस्थेनं तत्त्वतः मानलं. कर्जाच्याच रूपानं का होईना, पण मानलं.

त्याच सुमाराला दुसऱ्या हातानं मात्र मोठी गोष्ट काढून घेतली गेली. 1878 चा वनकायदा. राखीव जंगल झालं आणि राबासाठी फांद्या तोडणं हा हक्क न राहता सवलत झाली. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात जंगल खात्यानं डोंगर-कुरणं अडवल्याबद्दलची तक्रार स्पष्ट आहे. ठाणे-कुलाबा भागातून इतका ओरडा झाला की मुंबई सरकारला 1885 मध्ये वन आयोग नेमावा लागला. राब हा त्या चौकशीतला एक मोठा विषय होता. खात्याचं म्हणणं सरळ होतं : अडाणी लोक जंगल जाळून टाकतात.

मग यावर संशोधन झालं. मुंबई इलाख्याच्या शेती खात्यानं राबाचे प्रयोग केले. इंग्लंडहून आलेले रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी 1893 च्या अहवालात राबाची चर्चा केली. त्या अहवालाचा एकूण सूरच असा की इथल्या शेतकऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी तो जे करतो ते का करतो हे समजून घ्या. पुढे पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर 1912 मध्ये राबावर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. राबाचा गुण नुसत्या राखेत नाही, माती तापण्यातही आहे, असा त्याचा रोख होता. तापलेल्या मातीत तणाचं बी मरतं, रोपाला लागणारी द्रव्यं मोकळी होतात. आता हे धूळवाफेशी जोडून बघा. कोरड्या पेरणीची सर्वांत मोठी अडचण तण, आणि राबानं नेमकं तणच कमी होतं. म्हणजे राब आणि धूळवाफ ही एकाच यंत्राची दोन चाकं. एक चाक काढलंत, तर दुसरं डगमगणारच. ‘अडाणीपणा’ म्हणून ज्याची संभावना झाली, ते एका जोडव्यवस्थेचं अर्धं अंग होतं.

आणि आता मुळशी. टाटा कंपनीनं मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं ठरवलं. पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडायचं, वीज मुंबईला न्यायची. जमिनी 1894 च्या भूसंपादन कायद्यानं घ्यायच्या. 16 एप्रिल 1921, रामनवमीचा दिवस, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट ही नावं तुम्हाला माहीत आहेत. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी याच लढ्यात दिली. घोषणा होती, जान किंवा जमीन.

रामनवमी म्हणजे चैत्र. राब भाजायचे दिवस. पेरणीला महिना-सव्वा महिना राहिलेला. सत्याग्रहानंतर कंपनीनं काम सुमारे सहा महिने थांबवलं, आणि डिसेंबर 1921 मध्ये झगडा पुन्हा पेटला. मधे काय बसलं? भाताचा एक पुरा हंगाम, पेरणीपासून मळणीपर्यंत. इतिहासाच्या पुस्तकांत ते ‘तहकुबीचे महिने’ असतात. शेतकऱ्याच्या लेखी ते एका पिकाचं वर्ष होतं. आपली जमीन पाण्याखाली जाणार की राहणार हे माहीत नसताना ज्यांनी त्या रोहिणीत बी टाकलं असेल, त्यांच्या पेरणीत पावसापेक्षा मोठी अनिश्चितता होती.

पुढे सत्याग्रह 1924 पर्यंत चालला, मोडला, धरण झालं, 1927 मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा अभ्यास केला, त्यात एक कटू गोष्ट पुढे येते : जमिनीचे कागदोपत्री मालक असलेले सावकार नुकसानभरपाईला राजी होते, कसणारे राजी नव्हते. हे समजायला अवघड नाही. सावकाराची जमीन रुपयांत मोजता येत होती. कसणाऱ्याची मोजता येत नव्हती. कारण त्याच्याकडे नुसतं खाचर नव्हतं. खाचर, त्याच्या वरचा वरकस, त्याच्या वरचा डोंगर, सावडीतला शेजारी, घरचं तीन मुदतींचं बी, हे सगळं मिळून त्याची शेती होती. धरणाचं पाणी सखल भागात साचतं, म्हणजे नेमकं खाचरात. वर राहिला तो डोंगर, आणि राब भाजायला राब होता पण रोप लावायला खाचर नव्हतं. कायद्यानं एकराचे पैसे ठरवले. जोखीम वाटून घेण्याची जी रीत बुडाली, तिचा रकाना त्या तक्त्यात नव्हता.

आज काय स्थिती आहे? खाचरं आहेत त्यांनी भात सोडलेला नाही. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं 1987 मध्ये दिलेला इंद्रायणी या सगळ्या मावळात पसरला. राबाला पर्याय म्हणून भाताच्या तुसाची राख, गिरिपुष्पाचा पाला हे डॉ. सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीनं रुजवलं, आणि ते चांगलं झालं. जंगलावरचा भार कमी करणं गरजेचंच होतं. पण बहुतेक घरांत आता एकाच वाणाचं बी असतं, ते पिशवीतून येतं, रोख पैशानं येतं. डोंगरउतार विकले गेले आहेत, सावड सुटत चालली आहे, मजूर मिळत नाहीत. म्हणजे काय झालं? पेरणी तीच राहिली, पण तिच्या खालचे चारही टेकू एकेक करून निघाले.

त्यातच पावसाची तऱ्हा. 2023 मध्ये मोसमी पाऊस केरळात 8 जूनला आला आणि मुंबईला पोचायला 25 जून उजाडला. रोहिणी गेली, मृग गेला, बी धुळीत पडून. दोनच वर्षांनी, 2025 मध्ये, केरळात 24 मे आणि मुंबईत 26 मे. मे महिन्यातच इतका पाऊस की अनेक ठिकाणी धूळवाफेला धूळच शिल्लक नव्हती, मशागतीला वाफसा मिळेना. एका वर्षी पाऊस नाही म्हणून अडचण, दुसऱ्या वर्षी पाऊस आहे म्हणून अडचण. कृषी विभाग दर वर्षी सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. देशावरच्या सोयाबीन-कापसाला हा सल्ला योग्यच आहे. पण घाटमाथ्यावर शंभर मिलिमीटर कधीकधी एका रात्रीत पडतो, आणि मग पेरायला जमीन हाती राहत नाही. सगळ्या महाराष्ट्राला एक आकडा सांगून भागत नाही.

आता माझ्या विषयाकडे येऊन थांबतो. चार्वाकांनी अनुमानावर आक्षेप घेतला : आजवर धुरामागे अग्नी दिसला म्हणून उद्याही दिसेल हे कशावरून? युरोपात डेव्हिड ह्यूमनं 1748 मध्ये जवळपास हाच प्रश्न विचारला. दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी चार्वाकाला उत्तर दिलं त्याचा आशय असा : शंका घ्या, पण शंकेची हद्द तुमच्या स्वतःच्या व्यवहारापाशी संपते. भूक भागेल की नाही अशी शंका असलेला माणूसही जेवायला बसतोच. पेरणारा माणूस हेच करतो. त्याला पावसाची खात्री नाही, तरी तो पेरतो, आणि हा अविचार नव्हे. पण उदयनाचार्यांच्या उत्तरात एक गोष्ट मी भर घालून सांगेन. शंका असताना कृती करायची तर चूक परवडली पाहिजे. ज्याच्या घरी दुसरं बी आहे त्याची धूळवाफ म्हणजे विवेक. ज्याच्याकडे दुसरं बी नाही, त्याची तीच कृती, तीच तारीख, तीच माती, पण ती नाइलाज आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

म्हणून, शेतकऱ्यानं धूळवाफ करावी की नाही हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. तो निर्णय त्याचा आहे, आणि तो आपल्यापेक्षा जास्त जाणतो. आपण विचारायचा प्रश्न असा : या गावात, जूनच्या वीस तारखेला, एखाद्याचं रोप करपलं तर त्याला हळव्या भाताचं दहा किलो बी, दिढी न लावता, कुठे मिळेल? गावपातळीवर बियाण्याची एक कणगी भरून ठेवणं, दोन-तीन मुदतींची भातं जिवंत ठेवणं, उरलेल्या रोपांची देवाणघेवाण ठरवून करणं, यात मोठं तंत्रज्ञान नाही आणि मोठा खर्चही नाही. हे पूर्वी होतं, अर्धवट आणि अन्यायानं भरलेलं होतं. ते अन्याय वगळून पुन्हा उभं करता येईल का, यावर इथल्या मंडळींनी बोलावं अशी माझी विनंती आहे. रोहिणी दर वर्षी 25 मेच्या सुमारास लागते. तोवर कणगी भरलेली असली पाहिजे.

मी इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि मागच्या रांगेतल्या जाणत्या मंडळींनी आधी बोलावं, कारण धूळवाफ त्यांनी केली आहे, मी फक्त तिच्याबद्दल बोललो.